एक गादी की दोन

सिडको, छत्रपती संभाजीनगर
१६ फेब्रुवारी २०२६

सोमनाथराव,

नमस्कार. लग्न ठरल्यावर मी तुम्हाला 'प्रिय' म्हणून लिहिलेलं पत्र तुमच्या आईंच्या हाती पडलं होतं आणि त्यांनी ते अर्ध्या फुलंब्रीला वाचून दाखवलं होतं. तेव्हापासून मी मायन्याच्या बाबतीत जपून असते. माझी तब्येत बरी आहे. संस्कृतीचा नागपूरहून फोन असतो, तिचं कॉलेज नीट चाललंय. तुम्हीही बरेच असणार, कारण फोनवर तुम्ही जे 'हं' म्हणता त्यात सर्दी-खोकला काही ऐकू येत नाही.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणाल. फोनवर मी बोलते, तुम्ही 'हं' करता आणि शेवटी कुकरची शिट्टी झाली म्हणून मीच ठेवून देते. पत्राला नुसतं 'हं' करून भागत नाही. खालच्या मजल्यावरचे कडुबा भाऊजी तुमच्याच कंपनीत, म्हणून त्यांच्या हाती देते आहे. पिशवीत धुतलेल्या चादरी आहेत आणि तिळाची चटणी.

काल महाशिवरात्र होती. मला वाटलं होतं तुम्ही याल. भगर आणि दाण्याची आमटी दोघांपुरती केली, मग दोन्ही वेळा मीच खाल्ली.

तर विषय गादीचा. गेल्या उन्हाळ्यात तुम्ही म्हणालात, या फोमच्या गादीवर झोप येत नाही, पाठ तापते. मग हॉलमध्ये सतरंजी टाकलीत. संस्कृती गेल्यावर तिच्या खोलीत गेलात. दिवाळी झाल्यावर बिडकीनच्या कंपनीत नोकरी लागली आणि तिथं खोलीच घेतलीत, शिफ्टसाठी. मी दिल्या शब्दावर विश्वास ठेवणारी बाई आहे. गादीत दोष असेल तर गादी बदलायची. फोमची गादी मी देऊन टाकली आणि ठरवलं की आता अंथरूण-पांघरुणात प्लॅस्टिकचा एक धागा नको. गादी, उशा, अभ्रे, चादरी, सगळं शेतातून किंवा झाडावरून आलेलं पाहिजे.

कॅनॉट मार्केटमधल्या एका दुकानात गेले. तिथला पोरगेला सेल्समन म्हणाला, "मॅडम, बांबूची चादर घ्या, एकदम नॅचरल." त्याला सांगितलं की बांबूचा रसायनात लगदा करून मग त्याचा धागा काढतात, त्यात बांबूचं नाव तेवढं उरतं. तो हसला. मग 'शुद्ध कॉटन' लिहिलेली एक चादर काढली. मी तिचा एक धागा मागून घेतला आणि दुकानाबाहेर येऊन काडी ओढली. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख होते, हे मी दरवर्षी आठवीच्या पोरींना शिकवते. या धाग्याचा वितळून टणक मणी झाला. तो मणी मी त्याच्या काउंटरवर नेऊन ठेवला. तुम्ही बरोबर असतात तर शेजारच्या दुकानासमोर मोबाईल बघत उभे राहिला असतात, या बाईची आपली ओळखच नाही असे. ते आठवलं आणि जिंकल्याची मजाच गेली. चादर न घेता घरी आले.

मग काथ्याची गादी बघितली, ती फळीसारखी. रबराच्या चिकाची बघितली. चांगली होती, नैसर्गिकही होती, पण ती केरळातून येणार. आपल्या जिल्ह्यात शेताशेतात कापूस आणि आपण केरळहून गादी आणायची, हे काही मला पटेना. सरळ फुलंब्रीला तुमच्या थोरल्या दादांना फोन लावला. ते म्हणाले, "घरचा कापूस हाय की, सरकी काढून देतो पाठवून. सोम्या कुठंय?" मी सांगितलं, आंघोळीला गेलेत. भर दुपारी. दादा म्हणाले, "आत्ता आंघोळ? लई काम दिसतंय." मी हसले. दुसरं काय करणार होते?

कापूस आला. उशांसाठी सावरीचा मऊ कापूसही मिळाला. तो घेऊन शहागंजला निजामुद्दीनभाईंच्या गादी कारखान्यात गेले. संस्कृतीच्या वेळची पाळण्यातली गादी त्यांनीच भरली होती. कापूस हातात घेऊन ते खूश झाले. पिंजून तुमच्या गच्चीवर येऊन भरून देतो म्हणाले. मग त्यांनी पलंगाचं माप विचारलं आणि म्हणाले, "मग दोन सिंगल बनवतो."

मी म्हटलं, पलंग एक आहे तर गादी पण एकच.

"नाय मॅडम. फोम थोडीच हाय, कापूस हाय हा. डबलची लई जड व्हते. उन्हात टाकायची तर उचलनार कोन? एकट्याचं काम नाय ते. दो सिंगल बनाव, बाजू-बाजूला टाका. समदे तसंच करतेत. साहेबांना इचारून या पायजे तर."

उद्या सांगते म्हणून निघाले. घरी येऊन उगाच कपाट आवरलं, पलंग खिडकीकडे सरकवला आणि पुन्हा होता तिथं आणला.

तर साहेब, विचारते आहे. एक की दोन? एका शब्दात कळवलंत तरी चालेल. जास्त लिहिलंत तर तेही वाचेन.

मंजुषा

ता.क. कडुबा भाऊजींची शिफ्टही तुमचीच आहे म्हणे. ते कंपनीच्या बसने रोज जाऊन-येऊन करतात. सहज लिहिलं.


बिडकीन
२१ फेब्रुवारी

मंजू,

चादरी मिळाल्या. चटणी संपली.

दोन कर. निजामुद्दीनभाई बरोबर सांगतात.

तू दुकानाबाहेर काडी ओढलीस ते वाचून मला हसू आलं. शेजारच्या खोलीतला गडी काय झालं म्हणून बघायला आला. मी मोबाईल बघत उभा राहिलो असतो हे खरं आहे.

आता नुसतं हं चालणार नाही म्हणालीस म्हणून लिहितो. मला लिहायची सवय नाही, वाक्य चुकलं तर लाल पेन काढू नको.

गादीत काही दोष नव्हता. तेव्हा तोंडात तेच आलं. वाळूजची कंपनी बंद पडली आणि मी घरी बसलो. तू शाळेतून यायचीस आणि चप्पल काढायच्या आधी दोरीवर बघायचीस. शर्ट झटकून घातला का, चिमटा शिवणीवर लावला का. मग ओट्यावर, भाजी किती जाड चिरली. तू ओरडायची नाहीस, समजावून सांगायचीस आणि तुझं बरोबर असायचं. तेच जड जायचं. दिवसभर घरात मी आणि संध्याकाळी माझा पेपर तपासायला तू. संस्कृती होती तोवर मधे काहीतरी बडबड करायची. ती गेली आणि तपासणंच राहिलं.

इथं पंखा खडखड करतो. अंगाखाली चटई आहे. तरी झोप लागते. हे लिहू नये असं वाटलं होतं, पण लिहिलं.

मी रागावून आलेलो नाही. परत कधी येणार ते माझं मलाच माहीत नाही. मार्चमध्ये बघू. तोपर्यंत दोन कर. तुला एकटीला उचलायला सोपं जाईल.

सोमनाथ


सिडको, छत्रपती संभाजीनगर
१ मार्च, रविवार

सोमनाथराव,

पत्र पोचलं. देताना कडुबा भाऊजी माझ्याकडे बघत नव्हते, म्हणजे न वाचताच त्यांना काय ते कळलं असावं. मी ते ओट्याशी उभं राहून वाचलं, मग बाल्कनीत, मग शाळेत मधल्या सुट्टीत. उत्तर लिहिलं, फाडलं, परत लिहिलं. लाल पेन काढलं नाही. तुमचं एकही वाक्य चुकलेलं नाही, त्याचाच राग आला.

आधी चिमट्याचं. चिमटा शिवणीवरच लावतात. तुम्ही खांद्यावर लावायचात, तिथं शिंगं यायची आणि तो शर्ट घालून तुम्ही माझ्या भाच्याच्या साखरपुड्याला आलात. हे मी मागे घेणार नाही. मी चुकले असं लिहून हवं असेल तर ते मिळणार नाही.

पण 'झोप लागते' हे वाचून मला रडू आलं. ते मला माहीत होतं. संक्रांतीच्या सुट्टीत संस्कृती तुमच्याकडे जाऊन आली, तेव्हा सहज बोलून गेली, "बाबा काय मस्त झोपतात गं तिथं, चटईवर, चक्क घोरतात." मी पोळ्या लाटत होते, लाटत राहिले. गादीचा दोष नाही हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी दुकानांत फिरले, धागे जाळले, दादांना कामाला लावलं. कारण गादी बदलता येते. माणसाला घरच नकोसं झालं असेल तर काय बदलायचं, हे कुठल्या दुकानात विचारायचं?

आणि मला झोप लागत नाही. हॉलमध्ये झोपून बघितलं, संस्कृतीच्या खोलीत बघितलं, तुमची सतरंजी टाकून जमिनीवरही बघितलं. आपल्या पलंगावर तर पाठ टेकवत नाही. वर्गात फळ्याकडे तोंड करून जांभया देते. परवा एका पोरीला तिचंच उत्तर दोनदा चूक म्हणून सांगितलं आणि ते बरोबर होतं. तुम्ही असतात तर तुम्हाला बरं वाटलं असतं.

काल निजामुद्दीनभाई आणि त्यांच्या घरच्या मुनिराभाभी गच्चीवर आले. पिंजलेला कापूस पसरला, तो सगळ्या बिल्डिंगच्या वाळवणावर उडाला आणि बायका वर येऊन भांडून गेल्या. गादीपाटाचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड अंथरून, हातात कात्री घेऊन निजामुद्दीनभाईंनी विचारलं, "काय ठरलं मॅडम? दोनच ना?"

तुमचं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. मी म्हटलं, एक.

"मॅडम, म्या बोललो ना तुमाला. एकटीला उचलायची नाय ती."

"म्हणूनच," मी म्हटलं.

त्यांनी भाभींकडे बघितलं. त्या दाभणात दोरा ओवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बना देव ना जी. उनकू मालूम है."

संध्याकाळपर्यंत गादी झाली. चांगली झाली आहे, टाके एका रेषेत आहेत. ते मी तपासले, लिहून टाकते. निजामुद्दीनभाई म्हणाले, आम्ही दोघं खाली उतरवून देतो. मी म्हटलं राहू द्या, ऊन लागू द्या. ते म्हणाले, दिवसभर ऊन लागलंय. मी म्हटलं, आणखी लागू द्या. आता ती गच्चीवर पत्र्याखाली पडून आहे. येणारा-जाणारा विचारतो, कुणाची म्हणून. सकाळी कडुबा भाऊजी वर आले, "वैनी, एक बाजू धरा, आपुन दोघं उतरवू." मी नको म्हटलं. ती गादी घरात न्यायला दोघं लागतात आणि ते दोघं कोण, हे माझं ठरलेलं आहे. मी एकटीने एक कोपरा उचलून बघितला. मनगट लचकलं, म्हणून अक्षर असं आलंय.

तुम्ही या असं मी म्हणत नाही, असं एक वाक्य मघाशी लिहिलं होतं. ते खोटं होतं, खोडलं. मी म्हणते आहे. या. मला तुम्ही घरात हवे आहात. खडखडणारा पंखा हवा असेल तर हॉलमधला तसा करून घेऊ, त्यात काही अवघड नाही. आल्यावर मी तपासणार नाही असं वचन देत नाही. दिलं तरी आठवडाभर टिकणार नाही, आपल्याला दोघांनाही ते माहीत आहे. पण तुम्ही 'मंजू, पुरे' असं म्हणून बघा की एकदा. आवाज चढवून म्हणा. इतक्या वर्षांत तुम्ही ते कधी म्हणाला नाहीत. नुसतं 'हं' म्हणालात आणि सतरंजी उचललीत. मला वाटलं सगळं ठीक आहे, पाठच तापते आहे. भांडायचं तर होतं. भांडून हॉलमध्ये गेला असतात तर मी उठवायला तरी आले असते.

मार्चमध्ये बघू, असं लिहिलंत. मार्च लागला. कंपनीची बस फाट्यावरून सुटते, कुठं चढायचं ते कडुबा भाऊजी सांगतील.

येत्या रविवारी दिवसभर मी घरी आहे. संध्याकाळपर्यंत वाट बघेन. नाही आलात तर सोमवारी निजामुद्दीनभाईंना बोलावून गादी मधोमध कापून घेईन आणि दोन करेन. भरलेली गादी कापता येते का, ते मी त्यांना विचारून ठेवलंय. त्यांनी कात्री पिशवीत टाकली. मग म्हणाले, "येते की मॅडम. पन मग ती जोडता येत नाय."

रविवार संध्याकाळपर्यंत तुमचीच,
मंजुषा