सातवा ग्रेबोतिन

१२ सप्टेंबर २००४

तीर्थरूप विच्कोदादास,
पेरिनाचा सा. न. वि. वि.

तीन वेळा फोन केला, तिन्ही वेळा तू तो मध्येच ठेवलास. पत्र तसं ठेवता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, पण खोटं कशाला लिहू? माझ्या शिमुनला जाऊन महिना होत आला. ऑगस्टच्या उन्हात माणूस गेला की थांबायला सवड नसते. तुझी सही आली नाही, म्हणून शेजारच्या बर्तुलनं त्याच्या घरच्या थडग्यातली एक जागा उसनी दिली. आपल्या बेटावर मीठ उसनं देतात, शिडी देतात, वेळ पडली तर थडग्यातली जागाही देतात. पण उसनं ते उसनंच. बर्तुलची आई आता अंथरुणाला लागली आहे, गेल्या आठवड्यापासून तिनं जेवण सोडलंय. बर्तुल भला माणूस, तोंडानं एक शब्द काढत नाही. पण रस्त्यात भेटला की स्वतःच्या बुटांकडे बघायला लागतो. माझाच जीव शरमेनं अर्धा होतो.

आपल्या घराचं थडगं काकांच्या मागे तुझ्या नावावर आहे. दफनभूमीचा कारकून म्हणतो की तुमच्या चुलतभावाच्या सहीशिवाय मी ती शिळा बोटभरही हलवणार नाही. ती शिळा कुणी बसवली, आठवतंय ना? आधीची वादळात तडकली तेव्हा शिमुननं नवी घडवून आणली, चार माणसांबरोबर स्वतः खांदा देऊन बसवली. त्या ईस्टरला तू आला होतास. काम सुरेख झालंय म्हणालास आणि गवंडी कोण ते विचारलंस. मी नाव सांगितल्यावर तू हवामानावर बोलायला लागलास.

एक नोव्हेंबरला सर्व संतांचा दिवस, त्याआधी तो आपल्या घरी यायला हवा. त्या दिवशी अख्खं गाव शेवंती आणि मेणबत्त्या घेऊन आपापल्या माणसांपाशी उभं असतं. मी बर्तुलच्या माणसांपाशी पाहुणीसारखी उभी राहणार नाही. एक सही, दादा. तेवढंच मागणं आहे.

ब्लांकावहिनींना नमस्कार. लोभ शिल्लक असेल असं धरून चालते.

पेरिना


झाग्रेब, २० सप्टेंबर २००४

चि. पेरिना हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. रागात लिहू नका असं ब्लांकानं बजावलं, म्हणून जेवण करून, कॉफी पिऊन मग बसलो आहे. तरी राग आहेच.

शिमुन गेला याचं वाईट वाटलं. मी पुष्पचक्र पाठवलं होतं, ते पोचलं का हे तू कळवलं नाहीस. पण दुःख वेगळं आणि घराणं वेगळं. त्या शिळेवर ‘ग्रेबोतिन घराणे’ असं कोरलं आहे, ‘ग्रेबोतिन आणि त्यांचे जावई’ असं नाही. शिमुन समुद्रापलीकडच्या डोंगरातला. तिथं त्याच्या लोकांची दफनभूमी आहे आणि तिथं दगडांना तोटा नाही, जागेलाही नसेल. एक पेटी आणि धुरावलेल्या मांसाची एक तंगडी घेऊन हा गडी आपल्या घरात शिरला, घरजावई झाला आणि आयत्या बिळावर नागोबा होऊन बसला. अंगणातलं आईचं अंजिराचं झाड यानंच तोडलं. आईनं माझ्या जन्माच्या वर्षी लावलेलं झाड! ते मी विसरलेलो नाही.

हे नाव काय चीज आहे याची तुला कल्पना नाही. निवृत्त झाल्यापासून मी दुसरं काही केलेलं नाही. होर्वात आडनावाचे लोक काय, गल्लीत दगड मारला तरी होर्वातलाच लागतो. पण ग्रेबोतिन? मागच्या जनगणनेत सबंध देशात सात! मी, ब्लांका, आमची निवेस, तू, आणि रियेकाच्या मठातल्या आपल्या दोन म्हाताऱ्या आत्या. झाले सहा. सातवा कोण, ते कळत नाही. कचेरीवाले नाव सांगत नाहीत. पुष्कळ गयावया केल्यावर एवढंच बोलले की पुरुष आहे. पेरिना, पुरुष! म्हणजे मी शेवटचा नाही. झादरला लिहिलं, ओसियेकला लिहिलं, कुठूनच पत्ता नाही. त्याला मुलगे असतील तर हे नाव जगेल. दोन वर्षं त्या माणसाचा शोध हाच माझा ध्यास आहे, आणि तू मला जावई पुरायला सांगतेस.

माझी पुस्तिका सोबत पाठवतो. आपला मूळपुरुष कप्तान येर्को अडीचशे वर्षांपूर्वी व्हेनिसच्या गलबतावरून समुद्रापलीकडून आला आणि हे नाव घेऊन आला, असं मी त्यात मांडलं आहे. सर्व संतांच्या दिवशी मी पितळी पाटी घेऊन येतो आहे. ‘मूळपुरुष येर्को ग्रेबोतिन’. ती शिळेवर बसवायची. पाद्रीबाबांशी बोलणं झालंय.

शिमुनचा विषय माझ्यापुरता संपला. आशीर्वाद आहेतच, ते काही मी परत मागत नाही.

विच्को


१ ऑक्टोबर २००४

ती. विच्कोदादास,
सा. न. वि. वि.

पुष्पचक्र पोचलं होतं. फितीवर शिमुनचं नाव नव्हतं, ‘ग्रेबोतिन कुटुंबाकडून’ एवढंच मोठ्या अक्षरांत होतं.

पुस्तिका सार्डिन साफ करता करता वाचली. पानांना खवले चिकटलेत, त्याबद्दल माफी नाही. कागद गुळगुळीत आहे. कप्तानाचं चित्रही छान, मिश्या थेट तुझ्यासारख्या. पण दादा, चाळीस वर्षं मी या गावाचे दात काढले. कुठं दुखतंय ते लपवायला माणूस नको त्या दाताकडे बोट कसं दाखवतो, ते मला चांगलं ठाऊक आहे.

दरवर्षी मृतांच्या प्रार्थनेला पाद्रीबाबा आपल्या घरातल्या गेलेल्यांची नावं वाचतात. लहानपणी आपण दोघं मागच्या बाकावर बसून हसू दाबायचो, कारण ती नावं कधी बदलतच नसत. विच्को, लुका, येर्को, लुका, विच्को, लुका, विच्को. आपल्याकडे थोरल्याच्या थोरल्याला आजोबाचं नाव द्यायचंच. ते देणं आहे, त्यातून कुणाची सुटका नाही. तुलाही ते तसंच मिळालं. मग येर्कोचं नाव कुठं गेलं? त्याच्या मुलाचा थोरला येर्को व्हायला हवा होता, तो झाला विच्को. अडीचशे वर्षांत आपल्या घरात एकाही पोराला कुणी येर्को म्हणून हाक मारलेली नाही. एवढा मोठा कप्तान, एवढा मूळपुरुष, आणि नातवालाही त्याचं नाव द्यावंसं वाटलं नाही?

या बेटावर नातू आपलं नाव लावील असा हक्क फक्त एकाच माणसाला नसतो. घरजावयाला. तो बायकोच्या घरात राहतो, म्हणून पोरांना बायकोच्या बापाची नि आजाची नावं लागतात. तूच छापलं आहेस की येर्कोची बायको मांदे ही लुकाची एकुलती मुलगी, आणि लुका हा विच्कोचा मुलगा. वाच आता. घराची माळ येर्कोवरून उडी मारून पुढे गेली. बर्तुलचा पणजोबाही असाच आला होता, त्याच्याही नावाचं त्या घरात कुणी नाही. हे इथं शेंबड्या पोरालाही कळतं. तू लेकीचं नाव आईवरून लुत्से ठेवायचं सोडून निवेस ठेवलंस, तेव्हाच ही रीत विसरला होतास. काकू त्यावर कधी बोलली नाही, पण तिला फार लागलं होतं.

तेव्हा येर्कोनं नाव आणलं नाही. खाडीवरच्या खडकाळ तुकड्याला ग्रेबोतिना म्हणतात, त्या तुकड्याच्या घराला ते नाव होतं, आणि जो आत राहायला आला त्याला ते लागलं. तुझा मूळपुरुष पेटी घेऊन सासऱ्याच्या दारातून आत शिरला. माझ्या शिमुनसारखाच.

बर्तुलच्या आईला काल शेवटचा विधी दिला. लोभ नसला तरी चालेल, सही पाठव.

पेरिना


झाग्रेब, ९ ऑक्टोबर २००४

चि. पेरिनास,
आशीर्वाद.

तुझं पत्र ब्लांकाला वाचून दाखवलं. ती हसली. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही.

माझी दोन वर्षांची मेहनत तू सार्डिनच्या खवल्यांत गुंडाळून परत पाठवलीस. तुझी जीभ लहानपणापासून अशीच आहे. आजोबा म्हणायचे की ही पोरगी दात काढण्याच्याच धंद्यात जाणार, आणि गेलीस. बरं, घटकाभर धरू की येर्को घरजावई होता. धरू! पाटीचं काय करायचं ते माझं मी बघीन. पण येर्कोनं नाव घेतलं ना? ग्रेबोतिन म्हणून जगला, ग्रेबोतिन म्हणून मेला, म्हणून तो त्या शिळेखाली आहे. तुझ्या शिमुननं काय केलं? तीस वर्षं आपल्या छपराखाली राहिला आणि डोंगरातलं नाव मिरवत राहिला. मेल्याची सूचना तूच फळ्यावर चिकटवलीस, त्यावरही तेच नाव होतं. मला गावातून कळलंय.

मी अन्यायी माणूस नाही. नियम सरळ आहे, लिहून देतो, पाद्रीबाबांना दाखव. ज्याचं नाव ग्रेबोतिन तो त्या थडग्यात जाईल, मग तो कुठूनही आलेला असो. असा पुरुष माझ्यापुढे आण, मी शिळा माझ्या हातांनी उचलीन. बाकीच्यांनी आपापल्या डोंगरात जावं. यापुढे या विषयावर पत्र नको.

विच्को


१७ ऑक्टोबर २००४

ती. विच्कोदादास,
सा. न. वि. वि.

पत्र नको म्हणालास, तरी हे शेवटचं.

बर्तुलची आई मंगळवारी गेली. तिला तिच्याच घरात दाटीवाटीनं जागा करावी लागली. शिमुनची पेटी बाजूला सरकवताना बर्तुल माझी क्षमा मागत होता. त्यानं माझी क्षमा मागावी, अशी वेळ तू माझ्यावर आणलीस.

अंजिराचं झाड शिमुननं तोडलं, खरं आहे. तुझ्या आईनं तोडायला लावलं. शेवटची तीन वर्षं काकूला उठता येत नव्हतं. शिमुन रोज सकाळी तिला उचलून गच्चीवर नेऊन बसवायचा, पण समोर झाड होतं आणि झाडाच्या मागे धक्का. बोटीतून कोण उतरतं ते तिला दिसत नव्हतं. तू येशील म्हणून तिला बघायचं असायचं. शिमुननं आधी नुसत्या फांद्या छाटल्या. तेवढ्यानं भागेना तेव्हा झाड गेलं. त्यानंतर तिला सगळ्या बोटी दिसल्या.

त्याच हिवाळ्यात काकू एकदा चेष्टेत म्हणाली की या घरात ग्रेबोतिन नावाचा एकही बाप्या उरला नाही, एक आहे तो राजधानीत लिफ्टमध्ये वरखाली करतो. शिमुन पुढच्या सोमवारी इस्त्रीचा शर्ट घालून बोटीनं शहरात गेला. पुन्हा दोनदा गेला. मग एक दिवस कागद आणून त्यानं काकूच्या मांडीवर ठेवला. तिला चष्मा लावूनही विश्वास बसेना, म्हणून मी मोठ्यानं वाचला. शिमुन ग्रेबोतिन. म्हातारी हसली, रडली, आणि त्याला म्हणाली की आता टेबलाच्या टोकाशी, कर्त्याच्या खुर्चीवर बस. तो बसला नाही. ती खुर्ची विच्कोची आहे म्हणाला.

त्यानं माझ्याकडून शपथ घेतली होती, कुणाला सांगायचं नाही. बायकोचं नाव घेणारा डोंगरी म्हणून खानावळीत पत्ते खेळणारे जन्मभर हसले असते, आणि त्याला तिथंच पत्ते खेळायचे होते. म्हणून फळ्यावर जुनं नाव लावलं. आणि तुला सांगितलं नाही, कारण मला त्याला कागदाच्या जोरावर आत न्यायचं नव्हतं. तू शिमुनला हो म्हणावंस असं मला वाटत होतं, नावाला नाही. फार आशा केली.

जनगणनेच्या वेळी मी स्वतः त्याचं नाव सांगितलं. कचेरीवाले खोटं बोलले नाहीत. झादर, ओसियेक कशाला शोधलंस? तुझा सातवा ग्रेबोतिन तुझ्या आईला उचलून गच्चीवर नेत होता. आता तो बर्तुलच्या घरात कोपऱ्यात आहे.

लोभाचं तुझं तू ठरव.

पेरिना


झाग्रेब, २४ ऑक्टोबर २००४

चि. पेरिनास,

सही सोबत आहे. कारकुनाला दाखव.

तुझा स्वभाव मला अजूनही सोसत नाही आणि सहा वर्षं हे माझ्यापासून लपवलंस याचा राग मरेपर्यंत राहील. पाटी मी परत केली. उरलेल्या पुस्तिका तळघरात टाकल्या आहेत.

थडग्यातल्या खालच्या फळीवर आईशेजारची जागा माझ्यासाठी राखलेली आहे. तिथं शिमुनला ठेव. मला पुढे जिथं मिळेल तिथं चालेल. शनिवारच्या बोटीनं येतो, शिळा उचलायला. तू धक्क्यावर येऊ नकोस, मला तिथून गच्चीपर्यंत एकट्यानं चालत यायचं आहे.

शिळेवर त्याचं नाव पूर्ण कोरायला सांग. खानावळीत पत्त्यांच्या टेबलावर कोण हसतो ते बघायला मी स्वतः बसणार आहे.

विच्को