झुंबरावरचा पत्रा

बाबा, त्या खारीचं तुम्ही नेमकं काय करत होतात ते एकदा सांगा. माझं डोकं चालेनासं झालंय.

यंदाही रामपायलीहून मामाने धानाच्या लोंब्यांचं झुंबर विणून पाठवलं. चिमण्यांसाठी ते परसात तुमच्याच खिळ्याला तारेने टांगलं. दुसऱ्याच दिवशी खार तारेवरून उतरली आणि उलटी लटकून दाणे सोलत बसली. मग मी तुमची युक्ती केली. तेलाच्या डब्याचा पत्रा कापला, त्याची टोपी करून तारेत ओवली. आता खार घसरून धपकन खाली पडते आणि चिमण्या निवांत खातात. तुम्ही खूश झाला असतात, असं मला वाटत होतं.

खारीशी तुमचं हाडवैर साऱ्या मोहल्ल्याला ठाऊक. भरवेलीच्या खाणीतून आलात की सायकल टेकवायच्या आधीच तुमचं "हड् हड्" सुरू. मी एकदा तिला शेंगदाणे टाकले, तर केवढे तडकलात! "चिमण्याईच्या तोंडचा घास तिले काहून देतं?" त्या दिवशी मी रडत रडत जेवले.

काल आई खाटेवर बसून पत्र्याकडे बघत होती. म्हणाली, "दुपार झाली, पत्रा काढ. तिले जेवू दे. तुहे बाबा रातपाळीले असले का दुपारी काढूनच ठेवत. तू शाळेतून यायच्या आंधी पुन्हा लावत."

"मंग मले काहून रागावले?"

"हौ, रागावले," ती म्हणाली, आणि लगेच विचारलं, "आज ड्युटीवरून अजून आले नाही का ते?"

तुम्ही गेलात हेच जिच्या ध्यानात राहत नाही, तिचं काय खरं मानू? खरं असेल, तर मला का रडवलंत? एका पोरीपासून लपवावं असं त्यात काय होतं? आणि खोटं असेल, तर तिला हे सुचलं कुठून? मला तुमचा राग येतो आणि हसूही येतं.

आज दुपारी मी पत्रा काढला. खार आली, पोटभर खात बसली. मी बघत होते. तेवढ्यात माझी मुलगी शाळेतून आली, आणि का कोण जाणे, मी जागेवरूनच ओरडले, "हड् हड्!"

आतून आई म्हणाली, "आले वाटते ते."

हे पत्र कुठे टाकायचं, तेही मला कळत नाही. पण बाबा, मी आईला "हौ" म्हटलं.