राखणदाराचा दगड

२० नोव्हें., गुरुवार. रुवैस, अबू धाबी.
आज अवस, अमावास्या. आईने दरवर्षीसारखं गावी राईतल्या साहेबाच्या दगडाला वाढलं. पाव, उकडलेलं अंडं, कपभर चहा. चिरूट मिळत नाही म्हणून विडी. मी व्हिडिओ कॉलवर. जेवणाच्या सुट्टीत साइट ऑफिसच्या मागे, सेफ्टी शूज काढून, हात जोडून. स्क्रीनवर शेंदूर फासलेला दगड आणि त्यावर झिजलेली इंग्रजी अक्षरं. आईचं गाऱ्हाणं चाललेलं. "बा सायबा, झिल परदेशात आसा, नात गाडी चालयता, तेंच्यार नदर ठेव..."
मागून आवाज. "होल्ड ऑन. डोन्ट कट इट."
आमचे प्रोजेक्ट मॅनेजर, थॉर्नबी. कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. वाकून दगडावरचं आडनाव मोठ्याने वाचलं. त्यांचंच आडनाव.
एवढी वर्षं हे नाव माझ्या डोळ्यांसमोर होतं. सहा महिन्यांपूर्वी हा माणूस इथे रुजू झाला तेव्हा मनात चर्र झालं होतं. म्हटलं, इंग्लंडात या आडनावाची माणसं काय कमी असतील.

२१ नोव्हें.
केबिनमध्ये बोलावलं. स्वतः चहा करून दिला. थोडा बशीत सांडला.
त्यांच्या खापरपणजोबांचा धाकटा भाऊ कंपनी सरकारच्या काळात जमीन मोजायला आला. नोकरी सोडून आमच्या घाटाखाली जंगल तोडून मळा केला, कॉफी लावली. कॉफी मेली, हा मागे फिरला नाही. घरी पत्रं जायची, मग तीही थांबली. "ही डाइड अलोन, पुअर चॅप."
मी मान हलवली.
एकटा नव्हता मेला. त्याच्या घरी रांधायला असलेली भागी उशाशी होती, आणि तिचा मुलगा. तो मुलगा माझा पणजोबा. लग्नबिग्न काही नाही. गावात अजून मागून म्हणतात, सायबाचे चालले.
बशीतला चहा पिऊन टाकला.
त्यांचे वडील इंग्लंडात अंथरुणाला खिळलेत. दगड तिकडे नेऊन गावच्या चर्चच्या आवारात बसवायचा, ही त्यांची शेवटची इच्छा. "यू'ल हेल्प मी, वोन्ट यू?"
"इन्शाल्ला, सर."
हसले. "तुम्ही लोक इन्शाल्ला म्हणता तेव्हा हो समजायचं की नाही?"


२२ नोव्हें., शनि. घरी, मोहम्मद बिन झायद सिटी.
आईला फोन केला. थॉर्नबींना दगड न्यायचाय, ते सांगितलं. ती म्हणाली, "तेका खंय व्हरतलो तो? शिक्षा सरली काय तेची?"
लहानपणी हे सगळं ऐकलंय, पण तेव्हा गोष्ट म्हणून. पहिली कॉफी मेल्यावर नव्या कॉफीसाठी साहेबाने देवराई तोडायला लावली. माणसं नाही म्हणाली, त्यांना चाबकाने फोडून काढलं. त्याच पावसाळ्यात तापाने गेला. ग्रामदेवतेने त्याला सोडलं नाही, तिथेच बांधून घातलं: तू तोडलीस, आता तूच राख. तेव्हापासून तो राखणदार. राई परत वाढली, आज तिथे दिवसा ऊन पोचत नाही.
आणि माझी लेक सानिका. माझ्या बायकोची, शुभाची, दोन बाळं पोटातच गेली. तिसऱ्या वेळी आईने त्या दगडाला नवस केला. सानिका एकोणीस वर्षांची झाली. आमच्या घरात तिच्याबद्दल म्हणतात, साहेबाच्या ओटीत घातलेली.
दगड गेला तर राखणारा गेला. मग तिला कोण...
रामरक्षा म्हटली. मध्येच अडखळलो. असं कधी होत नाही.

२५ नोव्हें. रुवैस.
थॉ. साहेबांना इंडियाचा व्हिसा मिळालासुद्धा. इथल्या राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीत जाणार. गोव्याला उतरून पुढे टॅक्सी. मला चल म्हणत होते, पण दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवायचं शटडाउन तोंडावर, दोघांनी एकदम देशाबाहेर जाणं शक्य नाही. मनात आलं, सुटलो. लगेच त्याची भीती वाटली. आई एकटी पडेल तिथे.
आई म्हणते, "येऊ दे. पण कौल घेतल्याशिवाय दगडाक हात नाय लावचो."
त्यांना समजावून सांगितलं. देवीच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या चिकटवतात, गुरव प्रश्न घालतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही.
"फेअर इनफ. आमच्या मीटिंगपेक्षा लवकर निकाल लागेल."

२७ नोव्हें.
सानिका अजमानहून कॉलेज करून येत होती. हायवेवर टायर फुटला. गाडी तीन लेन ओलांडून कडेला लागली. मागून ट्रक नव्हता. मागून ट्रक नव्हता.
फोनवर रडत नव्हती, मीच. "बाबा, रिलॅक्स. इट वॉज अ टायर. टायर्स बर्स्ट."
"गाडी चालवू नकोस आठवडाभर."
"फॉर अ टायर? सीरियसली?"
काय सांगू तिला. दगड अजून जागेवर आहे तर हे. की दगड होता म्हणून वाचली? दोन्ही बाजूंनी विचार केला. दोन्हीकडून भीतीच निघते.

२९ नोव्हें., शनि. घरी.
शुभाला सगळं सांगितलं. भागीचं, रक्ताचं. लग्नाला एवढी वर्षं झाली, आणि ही पुण्याची, सोवळ्यातली. तांदूळ निवडत होती. हात थांबला. मान खाली घालून बसलो.
"म्हणजे तुम्ही साहेब?"
"सोळाव्या हिश्श्याचा."
"तरीच चहात एवढं दूध लागतं तुम्हाला." मग हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "माझ्या आईला मात्र सांगायचं नाही. यल्ला, उठा, डाळ आणा."
हलकं वाटलं. थोडाच वेळ. संध्याकाळी बघितलं तर सानिकाच्या गाडीच्या किल्ल्या तिने देवाजवळ ठेवल्या होत्या. हसणाऱ्या बाईने.

३० नोव्हें.
थॉ. साहेब पोचले. आईने मला फोनवर ठेवून घेतलं, दुभाष्या म्हणून. त्यांनी घावणे, काळ्या वाटाण्याचं सांबार खाल्लं, हाताने. आई म्हणे, "तेका सांग, हळू खा, हिसकून घेणारो कोण नाय." सांगितलं. ते हसले.
मग राईत गेले. फोन आईच्या हातात, नुसता अंधार आणि पानांचा आवाज. मग आईचा हळू आवाज. "रडता रे तो. तुझो आजो रडायचो तसोच, खांदो वर करून."
थोड्या वेळाने म्हणाली, "तेका सांग, आपण एकाच रगताचे."
मी त्यांना म्हणालो, "सर, मदर इज सेइंग, प्लीज हॅव सम मोअर टी."
"बट वी'र इन द फॉरेस्ट," ते म्हणाले.

१ डिसें.
घरीच, सुट्टी.  हा माणूस माझ्या कॉन्ट्रॅक्टवर सही करतो. त्याला म्हणू, मी तुमचा नातेवाईक? काय वाटेल त्याला? याला काहीतरी हवंय, एवढंच वाटेल. आणि त्याच्या घरात तो पूर्वज गरीब बिचारा, एकटा मेलेला. चाबूक त्यांना माहीत नाही. भागी माहीत नाही. एक सांगितलं की दुसरं सांगावं लागेल.
आईने गुरवाला उद्या सकाळची वेळ दिली आहे.

२ डिसें., मंगळ.
सकाळपासून फोन चालू. देवळात दहाबारा माणसं. थॉ. साहेब धोतर नेसून बसलेले, कुणी नेसवलं कोण जाणे. गुरवाने पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं: सायबाची शिक्षा सरली असेल, तू मोकळा करत असशील, तर उजवी दे.
पडली नाही. डावीही नाही.
परत ओल्या पाकळ्या लावल्या. परत विचारलं. कुणी खोकतसुद्धा नव्हतं. मी इकडे जमिनीवर बसलेलो, शुभा मागे उभी, सानिका दारात. 
पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत.
गुरव म्हणाला, असं आपण पाहिलेलं नाही. मग आईचा आवाज, भर देवळात. "माका ठाऊक आसा. खरा सांगल्याशिवाय देव कौल देवचो नाय. अर्धा नाता लपवन इचारल्यार ती कशी बोलतली?"
आणि तिने फोन त्यांच्या हातात दिला.
त्यांचा चेहरा स्क्रीनभर. कपाळावर कुंकू. "व्हॉट डिड शी से? इज इट अ नो?"
मागे सगळे माझ्याकडे बघत होते. गुरवाच्या हातात पाकळ्यांची वाटी, तिसऱ्यांदा लावायला तो थांबलेला.
मी म्हटलं, "सर, देअर इज समथिंग..." आणि नेट गेलं, की माझंच बोट लागलं. खरंच माहीत नाही.
शुभाने पाणी आणून ठेवलंय. सानिका शेजारी येऊन बसली आहे. हे चार शब्द लिहितोय तोवर फोन वाजायला लागला. त्यांचाच.