दाजींच्या मशीनची पोलादी पट्टी

आश्विन शुद्ध प्रतिपदा, मानवत
दाजींच्या शिलाई मशीनची बोटभर पोलादी पट्टी तुटली. दसऱ्याचे कपडे अडले. दाजी कापसाच्या जिनातल्या फिटरला बोलवायला निघाले, मी अडवलं. जुन्या कुलपाची पट्टी हाय, घरीच कापतो म्हणालो. दाजी म्हणाले, खंडेनवमीपर्यंत मशीन चालली तर दुकानात ठेवून घेतो. न्हाई तर बोरीला घरी आबांकडं जाऊन ज्वारी राख. कबूल. उद्या दुपारी काम फत्ते.

द्वितीया
आश्रुबा लोहाराची छन्नी आणली. एकच घाव. पट्टी वाकली, टवका उडून आक्काच्या पिठात. आक्का म्हणाली, शिवलिंगा, भाकरीत पोलाद खाऊ घालतूस का रे? छन्नी फाळाला ठीक. आपलं काम नाजूक. निश्चय: नेमकं औजार मिळाल्याबिगर पट्टीला हात लावायचा न्हाई.

चतुर्थी
(काल कुस्त्या होत्या.) दिनकरराव पत्रेवाल्यांची कात्री. पट्टीला ओरखडा, कात्रीला खाच. खाच आधीचीच असावी. दिनकररावांना सध्या सांगत न्हाई.

सप्तमी
बारीक दातांची हॅकसॉ पाहिजे, हे पक्कं. लढाईमुळं मानवतात ब्लेड मिळंना, म्हणून काल रेल्वेनं पूर्णा. जंक्शनवर इंजिन पाणी भरायलं होतं, ते बघण्यात दुकानं बंद झाली. आज मिळालं. ओळखीच्या बन्सीधरनं कानस पण दिली.

अष्टमी
छन्नी, कात्री, हॅकसॉ, कानस. सगळ्यांना तेल दिलं, ओळीत मांडलं. असा संच निजाम सरकारच्या कारखान्यात पण नसंल. आक्का म्हणाली, मग काप की आता. तिला काय कळतंय! तेल मुरू द्यावं लागतं. गिऱ्हाइकं दारात ओरडायलीत. सकाळी कापतो.

नवमी
पहाटेच उठलो. दाजी म्हणाले, मशीनची पूजा दुपारी करू, आधी पट्टी बसव. मनात आलं, औजारं पुजून घ्यावी, हाताला यश येतं. हळदकुंकू लावलं, फुलं वाहिली, नारळ फोडला. मग हॅकसॉला हात घातला. आक्कानं फटकन हातावर मारलं. पुजलेलं औजार दसऱ्यापर्यंत उचलत्यात व्हय रे मेल्या? मला ठाऊक होतं. ऐन वेळी आठवलं न्हाई, इतकंच.

दाजी म्हणाले, हातानं टाके घालतो. तर सुई पण पूजेत.

आश्रुबा आणि दिनकरराव आपापली औजारं मागायला आले, त्यांच्या घरी पूजा खोळंबलेली. आश्रुबानं छन्नीला लांबूनच हात जोडले. म्हणाला, माय, उद्या तरी घरला ये.

दशमी
सोनं वाटलं. दाजींनी गळाभेट घेतली आणि हातात भाकरीचं गठुडं दिलं. लय प्रेमळ माणूस. मी बाहेर पडलो, फिटर आत गेला.

एकादशी, बोरी
ज्वारीत राखणीच्या माळ्यावर बसलोय. आबांनी गोफण दिली. गोफणीचा खडा कसा असावा, याचा कोणी नीट विचारच केलेला न्हाई. गोल, वजनदार, हातात बसणारे निवडून मांडले. तोवर पाखरं जेवून उठली. आबांनी गोफण काढून घेतली, रिकामा डबा दिला. हा बडव, म्हणाले.

कशानं, ते सांगितलं न्हाई.