‘परंतु’च्या आधी पेढा

राजापेठ, अमरावती
रविवार

तीर्थरूप माणिकताईस,

धाकट्या भगवंताचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं थोडा वेळ तिथेच राहू दे, पुढचं वाचून तुला ते बडवावंसं वाटेल.) जिजाजींच्या पायाचं प्लास्टर कधी निघणार? झेंडूचे तोडे सुरू झाले का? इकडे मी आणि रागिणी मजेत आहोत. तुझी लेक आरती मजेत आहे की नाही ते मला सांगता येत नाही, कारण मी अकोल्याहून आल्यापासून ती माझ्याशी बोलत नाही. फोनच केला असता. पण फोनवर तू मला वाक्य पूर्ण करू देत नाहीस, आणि माझी सगळी बाजू वाक्याच्या शेवटी आहे.

झालं असं. आमच्या राजापेठेत दर जिन्याला एक क्लास आहे हे तुला ठाऊकच आहे. आमच्या घराखाली स्वप्निल सरांनी मध्यंतरी पाटी लावली, ‘ॲडव्हान्स्ड इंग्लिश : मत मांडा, वाद जिंका’. रागिणी म्हणाली, "जा तुमी. तुमाले वाद घालता येत नाई, नुसतं भांडता येते." म्हणून दुकान लवकर बंद करून मी कॉलेजच्या पोरांमध्ये जाऊन बसू लागलो. ताई, काय ती भाषा! इंग्रजीत कुणाला ‘तू चुकलास’ असं म्हणतच नाहीत. ‘आय बेग टू डिफर’ म्हणतात, म्हणजे मतभेदाचीसुद्धा भीक मागतात. आपल्याकडे वादाची सुरुवातच ‘कायले फालतू बोलून राह्यला बे’ अशी होते आणि वाद कशावरून आहे ते मागाहून सापडतं. सरांचा मुख्य नियम असा, की समोरच्याचं म्हणणं आधी मोकळ्या मनाने मान्य करायचं, त्याची तारीफ करायची, मग अर्थपूर्ण थांबायचं, आणि ‘हाउएव्हर’ म्हणून त्याला चीत करायचं. (मी रागिणीवर प्रयोग करून पाहिला. ‘पडदे बदलायला हवेत हे तुझं म्हणणं रास्त आहे,’ इथवर आलो आणि अर्थपूर्ण थांबलो. नवे पडदे हिरव्या रंगाचे आहेत.) खरं तर तिथेच मला शहाणपण यायला हवं होतं.

पण तेवढ्यात तुझा निरोप आला. जिजाजींना हलता येत नाही, तेव्हा तारीख ठरवायला मामा म्हणून तूच अकोल्याला जा, आणि काही झालं तरी आरतीची बी.एड.ची परीक्षा संपेपर्यंत लग्न नको, एवढं मनवून ये. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. बैठकीत नवरदेव श्यामचे वडील खुशालराव म्हणाले, "वैशाखातच उडवून देऊ बार. मंग पाऊस लागते, वावरातले कामं लागतेत." नेमकी वैशाखातच परीक्षा! मी उभा राहिलो (बैठकीत कुणी उभं राहत नाही, पण सरांनी तसं सांगितलंय), खाकरलो आणि म्हणालो, "खुशालरावजी, तुमचं म्हणणं अत्यंत मुद्देसूद आहे. मला त्यात पूर्ण तथ्य दिसतं." आणि थांबलो.

ताई, ते थांबणं मला नडलं. "झालं तं मंग! मामा राजी हायेत! आना पेढे!" असं ओरडून खुशालरावांनी चांगला मोठा पेढा माझ्या तोंडात कोंबला. माझा ‘परंतु’ त्या पेढ्यामागे अडकला. आपल्या बैठकीत ‘तुमचं बरोबर आहे’ हे वाक्य फक्त हरलेला माणूस म्हणतो, तेही उठता उठता, हे मी साफ विसरलो होतो. पेढा गिळून कसाबसा ‘नेव्हरदलेस’ म्हणालो. तो त्यांना इंग्रजी आशीर्वाद वाटला. एका म्हाताऱ्याने तर हात जोडले. ज्या दिवशी हळद ठरली, त्याच दिवशी पोरीचा पेपर आहे.

घरी आलो तर बातमी फोनवर माझ्याआधीच पोचलेली आणि आरती दारातच. "मामा, तुमी भांडाले गेलते का पेढे खायाले?" एवढं बोलून आत गेली. मला फार वाईट वाटलं, ताई. पहाटे उठून, स्वयंपाकघरातला लहान दिवा लावून पोरगी अभ्यास करते. मास्तरीण व्हायचं तिच्या मनात आहे, आणि मी ते एका पेढ्यावर घालवून आलो. तावातावाने सरांकडे गेलो. ते म्हणाले, "तुमचा राग अगदी योग्य आहे." मी समाधानाने जिना चढलो. वर आल्यावर लक्षात आलं, की त्यांनी माझं काहीच ऐकून घेतलं नाही.

तेव्हा तूच खुशालरावांना फोन कर आणि आपल्या भाषेत बोल. कशालाही ‘हो’ म्हणू नकोस, तब्येत विचारली तरी नको. जिजाजींना नमस्कार. अपराध पोटात घाल.

तुझा,
निम्मंच वाक्य बोललेला
भगवंत

ता. क. : फोन करू नकोस. दुपारी आरतीने स्वतःच केला. "मामंजी, परीक्षा झाल्याबिगर मी बोहल्यावर चढनार नाई. जमत असन तं सांगा." खुशालराव म्हणाले, "अवं पोरी, परीक्षा हाय हे आमाले सांगतलं कोनं? दे पेपर. लग्न जेठात लावू. पाऊस आला तं मांडव झाकू." संपलं! माझ्या सगळ्या शिकवणीपेक्षा हे कमी वेळात झालं.

ता. क. २ : खरं काम हे आहे. आरतीने रागिणीला सांगितलं, की बोहल्यावर तिला न्यायला धारणीच्या देवानंदमामाला बोलावणार, मला नाही. देवानंद आपलाच भाऊ आहे, माझं त्याच्याशी वाकडं नाही. पण पोरगी माझ्या घरी राहून शिकली, ताई. मंगलाष्टकांच्या वेळी तिच्या पाठीशी मलाच उभं राहायचं आहे. तू तिची समजूत घाल. तिला एवढंच सांग, की तिथे मामाला एक शब्दही बोलावा लागत नाही.