गुडघ्याच्या वर

१४ सप्टेंबर

दादा, नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. मी बरी आहे. प्रयोगशाळेत नेहमीचंच चाललंय, लोकांची मोजमापाची यंत्रं खरी की खोटी ते तपासायचं. वहिनीला विचारलंय म्हणून सांग.

बाबांना अजून बोलता येत नाही. उजवी बाजू हलत नाही. डॉक्टर म्हणतात, पक्षाघाताचा पहिला सौम्य झटका महिनाभर आधीच येऊन गेला असावा. हातात जोर राहिला नाही, म्हणून गवत कापणं थांबलं. फोनवर ते जड जिभेनं "झोप आलीय" म्हणायचे, आणि मी फोन ठेवायचे.

गवताचं तू विचारलंस. नियम साधा आहे. खाजगी अंगणात गवत गुडघ्याच्या वर गेलं की नोटीस. मुदतीत कापलं नाही, तर नगरपालिकेची माणसं येऊन कापणार. नोटीस फाटकावर चिकटवलेली होती. कुंपणाशी थोडं गवत राहून गेलंय, ते मी मोजलं. मापात त्यांची चूक नव्हती.

शेजारच्या काकू भेटल्या. "अगं, गवत कापायच्या यंत्राचा आवाज येईना तेव्हा वाटलं, म्हातारा सुधारला. आत डोकावणार होते, पण हिरवळीवर पाय पडला की कसा अंगावर येतो, तुला ठाऊक आहे."

ठाऊक आहे. तुझ्या गाडीचं चाक हिरवळीवर गेलं, त्यावरूनच तुमचं बोलणं बंद झालं.

कापायला दोघं आले. बाबा खिडकीत होते. डाव्या हातानं काच बडवत होते, तोंडातून नुसता आवाज. ते दोघं कापत राहिले. सगळं अंगण झाल्यावर त्यांच्यातला थोरला प्यायला पाणी मागायला दाराशी गेला, तेव्हा बाबा जमिनीवर पडलेले दिसले.

मी त्याला विचारलं, थांबला का नाहीत? तो खालीच बघत होता. "ताई, ज्या साहेबांनी तक्रार केली, त्यांनी फोनवर सांगून ठेवलं होतं. म्हातारा आरडाओरडा करेल, काचा बडवेल, तिकडे लक्ष देऊ नका. मी मुलगाच आहे त्यांचा, म्हणाले."

पत्रात तू हे लिहिलेलं नाहीस. जागा कमी पडली असेल.

डॉक्टर म्हणाले, तेवढा वेळ वाचला असता तर वाचा कदाचित परत आली असती. "कदाचित" हा त्यांचा शब्द. मी तो गाळत नाही.

येऊ का, असं विचारलंस. ये. बाबांना मी काहीही सांगितलेलं नाही. कुणी आत आलं की ते मान वळवतात, आणि मी आहे हे दिसलं की पुन्हा भिंतीकडे बघतात. त्यांना तूच हवा आहेस. इस्पितळात भेटायची वेळ दुपारी चारनंतर. तेव्हा मी तिथे नसेन, प्रयोगशाळेत तशी ड्यूटी लावून घेतली आहे. ते तुझा हात धरतील, सोडवून घेऊ नकोस. काय सांगायचं ते तू ठरव. ऐकून ते काही बोलू शकणार नाहीत, एवढी तुझी सोय झाली आहे.

मला उत्तर लिहू नकोस.

बाबांची मुलगी