कोकरांच्या कोंडवाड्यातली शाळा

कूराबिन, ऑक्टोबरचा तिसरा शुक्रवार
(गुरुवारही असेल, कॅलेंडरचं ते पान टेसनं खाल्लं आहे)

तीर्थरूप थेल्माताई,

तुझ्या धाकट्या भावाचा, मर्विनचा, गुडघा परवानगी देईल तितका वाकून नमस्कार. तुझा खुबा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढायचा नाही म्हटल्यावर तू बिछाना खाली आणलास की डॉक्टर बदललास, हे मागच्या पत्रात लिहिलं नव्हतंस. स्वभाव पाहता डॉक्टरच बदलला असणार. तिकडे टास्मानियात अजून शेकोटी पेटवावी लागत असेल. इकडे वसंत आला म्हणेपर्यंत गेलासुद्धा, सकाळी दहालाच छपराचा पत्रा चटके देतो. तू पाठवलेला फळांचा केक पोचला. दोन तुकडे मला मिळाले, उरलेला जुळ्यांनी अंघोळीच्या टबात नेला (का, ते विचारू नकोस, मीही विचारलं नाही). मी मजेत आहे. किंबहुना माझी हिल्डा गेल्यानंतरच्या चार वर्षांत इतका मजेत कधी नव्हतो, कारण माझ्या हाती पुन्हा एकदा शाळा आली आहे.

माझ्या लेकीच्या, रोवेनाच्या, मणक्याचं ऑपरेशन सिडनीत नीट पार पडलं, हे तिनं तुला फोनवर सांगितलंच असेल. सहा आठवडे तिला वाकणं, उचलणं आणि (डॉक्टरांच्याच शब्दांत) अडीच वर्षांच्या कोणाच्याही मागे धावणं वर्ज्य, म्हणून ती तिकडे नणंदेकडेच राहिली आहे. जावईबापू कॉलिन पुरात वाहून गेलेलं कुंपण पुन्हा घालायला पहाटे जातात आणि दिवेलागणीला येतात. घरात उरलो आम्ही पाच जण: पिपा, वय आठ, लॅकलन, वय सहा, बर्टी आणि टेस ही जुळी, वय अडीच, आणि मी, वय शहात्तर. रोवेना मोठ्या दोघांना घरीच शिकवते. त्यासाठी शिक्षण खात्याकडे नोंदणी लागते आणि दर दोन वर्षांनी खात्याच्या एक बाई येऊन मुलं काय शिकली ते पाहून जातात. त्यांचं समाधान झालं तर नोंदणी पुढे चालू, नाही तर पिपा आणि लॅकलन यांची रवानगी एकशे नव्वद किलोमीटरवरच्या गावातल्या वसतिगृहात. बाईंची खेप नेमकी याच सहा आठवड्यांत आली. रोवेना म्हणाली, "बाबा, मी तारीख पुढे ढकलून घेते." मी म्हणालो, "पोरी, अडतीस वर्षं एकशिक्षकी शाळा चालवलेल्या माणसाला हे सांगतेस?" त्यावर तिनं वही ओढून वेळापत्रक लिहायला घेतलं. (तो मी आदर समजलो.)

पहिल्याच दिवशी रोवेनानं लिहून ठेवलेलं वेळापत्रक मी आदरपूर्वक फ्रीजच्या मागे सरकवलं आणि मुलांना कविता दिली. ताई, तुला आपली ती बुडत्या जहाजाची कविता आठवते? सव्वीस कडव्यांची? कवीच्या नावावर शाई सांडलेली होती, त्यामुळे ती कोणाची हे आपल्याला जन्मात कळलं नाही. पण बाकांवर उभं राहून चाळीस पोरं कवितेतला दोर एका दमात ओढायची, तेव्हा खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. पावसाळी दुपार, ओल्या लोकरीचा वास, आणि तू तिसऱ्या रांगेत, वेणी तोंडात धरून... (हे पान थोडं ओलं झालं आहे. बर्टीनं दूध सांडलं.) तर ती कविता मी सुरू केली. समुद्रापासून आठशे किलोमीटर दूर जन्मलेल्या, आयुष्यात होडी न पाहिलेल्या माझ्या नातवंडांनी आठवड्यात नऊ कडवी पाठ केली. लॅकलननं फक्त एकच शंका काढली: "आजोबा, एवढं पाणी होतं तर त्यांनी टाकी का नाही भरून घेतली?" शंका अगदीच गैर नव्हती.

अडचण होती ती जुळ्यांची. कविता शांतता मागते, आणि बर्टी-टेस म्हणजे शांततेचे जन्मजात शत्रू. बर्टीला कपडे मान्य नाहीत. टेसला बंद डबा मान्य नाही. मी तिसऱ्या कडव्यातल्या विजेचं वर्णन करत असायचो आणि मागून टेस कुत्र्याच्या घरातून कुत्र्याची बिस्किटं खात बाहेर पडायची, कुत्रा बिचारा तिच्या तोंडाकडे पाहत मागोमाग. मग मी युक्ती केली. व्हरांड्याच्या सावलीत आईवेगळ्या कोकरांसाठी केलेला कोंडवाडा आहे ना, चार बाजूंना जाळीच्या चौकटी आणि एक फाटक? कोकरं आता गवताला लागली, तो रिकामाच होता. तो धुऊन, पेंढा घालून मी जुळ्यांना आत ठेवलं. दोघांनी जो काही टाहो फोडला, त्यानं ओढ्यापलीकडून कॉलिन मोटरसायकल घेऊन आले, त्यांना वाटलं मलाच काही झालं. तेव्हा पिपा माझी बाही ओढून म्हणाली, "आजोबा, तुम्ही उलटं करताय. त्यांना बाहेर राहू द्या. आपण आत बसू."

अडतीस वर्षांत एकाही शिक्षणतज्ज्ञानं मला इतकं शहाणपणाचं काही सांगितलं नव्हतं. घराभोवती पक्कं कुंपण आहेच, टाकीची झाकणं बंद, औषधं माळ्यावर. जुळी त्या अंगणाची राजा-राणी झाली, आणि आम्ही तिघं कोंडवाड्यात, पेंढ्याच्या गठ्ठ्यांवर, वह्या मांडीवर. अकरा दिवस, ताई, अकरा दिवस ती शाळा स्वर्गात भरत होती! जुळी जाळीला नाक लावून आमच्याकडे पाहायची, प्राणिसंग्रहालयात पाहावं तशी, आणि दोर ओढायचं कडवं आलं की तीही बाहेरून हाताला लागेल ते ओढायची: कुत्र्याचं शेपूट, टेबलावरची चादर, एकदा जाळीतून माझी दाढी.

बाई यायच्या होत्या मंगळवारी दुपारी दोनला. माझी तयारी अशी होती: बाराला जेवण, एकला जुळ्यांची झोप, दोनला स्वच्छ घर, चहाबरोबर लोणी लावलेले गरम स्कोन आणि सव्वीसच्या सव्वीस कडवी. आधीचं एक घर रद्द झालं म्हणून त्या आल्या सकाळी साडेदहाला. आम्ही कोंडवाड्यात तालमीत होतो. गाडीची धूळ दिसली तसा मी उठून फाटक ढकललं, आणि ते ढकललं जाईना. बाहेरची, खालची कडी लागलेली, वरून हात टाकून पोचेना. बर्टी शेजारी उभा, अंगावर फक्त टोपी, चेहऱ्यावर कर्तव्य पार पाडल्याचं समाधान.

त्याला दोष कसा देऊ? इकडे मूल चालायला लागलं की बोलायच्याही आधी शिकतं ते एकच: फाटक जसं सापडलं तसं ठेवायचं. उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. बर्टीनं त्यातला अर्धाच नियम उचलला आहे. लॅकलन जाळीवर चढू लागला, त्याला मी पँटला धरून खाली खेचलं. खात्याच्या बाई आत शिरताहेत आणि विद्यार्थी शाळेतून उडी टाकून पळतो आहे, हे चित्र मला बरं वाटेना.

मिसेस क्विगली मोठ्या सभ्य बाई. पन्नाशीच्या, उन्हानं रापलेल्या, अंगावर पांढरा स्वच्छ पोशाख (या अंगणात पांढरं घालून येणं हे धाडस की अज्ञान, देव जाणे). त्या जाळीपाशी आल्या, कडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी म्हणायला हवं होतं, "बाई, जरा कडी काढता?" पण ताई, तुझा भाऊ मास्तर आहे. मी म्हणालो, "या, या. आमचा वर्ग चालू आहे."

"फाटक बंदच असतं का?" त्यांनी विचारलं.

"शाळेच्या वेळेत, हो," मी म्हणालो.

झालं! बाई मेंढपाळाच्या घरात वाढलेल्या निघाल्या. मालकानं बंद म्हटलेलं फाटक त्या मेल्या तरी उघडणार नव्हत्या. दुधाचा एक क्रेट उपडा घालून त्या बाहेर बसल्या, आणि तपासणी जाळीतून सुरू झाली. वह्या मी एकेक करून खालच्या फटीतून सरकवत होतो. निबंध पाहून त्या मान डोलवत होत्या. अंकगणिताची वही मागितली तेव्हा मी म्हणालो, "त्याआधी एक कडवं ऐका." ऐकलं. पुन्हा मागितली. पुन्हा एक कडवं. असं करत आम्ही सतराव्यापर्यंत पोचलो.

तेवढ्यात लॅकलन गंभीर आवाजात म्हणाला, "बाई, तुम्हाला विकायला काढलंय."

टेस त्यांच्या मागे उभी होती. तिच्या हातात मेंढ्यांना खूण करायचा निळा खडू होता आणि बाईंच्या पांढऱ्या पाठीवर खांद्यापासून कंबरेपर्यंत ठसठशीत फुली. "निळी फुली म्हणजे म्हातारी मेंढी," लॅकलननं पुढे समजावलं. "ट्रक शुक्रवारी येतो." पिपानं त्याला कोपरानं ढोसलं. बाई हसल्या. (म्हणजे, दात दिसले.) त्या फुली पुसायला गाडीतून रुमाल आणायला वळल्या, आणि पाहतात तो गाडीचं दार आतून बंद. टेस तिथवर पोचलीसुद्धा होती. आत ती आणि बर्टी, बर्टीच्या हातात बाईंचं सँडविच, किल्ल्या गाडीतच, काचा वर, आणि ऊन कडक.

इथे, ताई, मी सारा मास्तरपणा सोडला आणि ओरडलो, "आधी हे फाटक उघडा हो!" बाईंनी माझ्याकडे पाहिलं ते मी विसरणार नाही. "म्हणजे तुम्ही अडकला आहात?" "तुम्ही यायच्या आधीपासून!" कडी निघाली. आम्ही सगळे गाडीपाशी. बाई एका काचेला, मी दुसरीला, लॅकलन टपावर. "बटण दाब, बाळा," बाई म्हणत होत्या. बाळ हॉर्न दाबत होतं. मी कुंपणाची पहार आणायला धावलो (धावलो, ताई, या गुडघ्यानं), आणि पहार उचलतो तो मागून पिपाचा आवाज आला. ती टेसच्या काचेला तोंड लावून, खणखणीत, एक शब्द न चुकता म्हणत होती:

ओढा रे गड्यांनो, ओढा रे दोर,
अंधार गळ्याशी, वादळ थोर!

आणि टेसनं ओढलं. हाताला लागलं ते: दाराचा आतला खटका. दार उघडलं, टेस सँडविचच्या कडेसकट पिपाच्या अंगावर पडली, मागून बर्टी टोपी सावरत उतरला आणि सवयीनं गाडीचं दार लावून घेतलं. या वेळी बाईंनी किल्ल्या आधीच हातात घेतल्या होत्या.

मग चहा झाला. बाईंनी दुसरा कप मागून घेतला. मी तिसरा घेतला. त्या एवढंच म्हणाल्या, "मास्तर, अशी पाठांतराची परीक्षा मी आजवर घेतली नव्हती." आता तूच सांग. कविता पाठ करून पोटाला काय मिळतं, असं विचारणाऱ्यांना मी आयुष्यभर उत्तर शोधत होतो. ते असं अंगणात चालत आलं! खात्याचा कागद आज-उद्या येईल. मला तिळमात्र काळजी नाही. पिपा इथून कुठेही जात नाही, हे मी तिला सांगून टाकलं आहे.

तुझ्या मांजरीला गोंजार. शेजाऱ्याच्या पानं उडवायच्या यंत्राला माझ्या वतीनं एक शिवी घाल.

तुझ्या मायेचा भुकेला,
मर्विन

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधीच कागद आला. पिपानं तो संगणकावर वाचून दाखवला. भाषा: उत्तम. स्मरणशक्ती: असामान्य. अंकगणित: पाहायला मिळालं नाही. बाई पुढच्या महिन्याच्या एकवीस तारखेला पुन्हा येणार, आणि मोठ्या मुलीला भागाकार येतो हे दिसलं नाही तर नोंदणी संपली. रोवेना तेव्हा परत आली असेल, पण तिला अजून फार वेळ खुर्चीवर बसता येणार नाही. तिला यातलं काही बोलू नकोस. फोनवर तिला मी "सगळं झकास" असं सांगितलं आहे.

ता. क. २. आता खरं ते लिहितो. अंकगणित मी कधी शिकवलंच नाही. त्या अडतीस वर्षांत रोज दोन वाजता हिल्डा पिठाचे हात पुसत वर्गात यायची, आणि मी टाकीच्या सावलीत जाऊन उद्याची कविता घोकायचो. साहेब तपासणीला आले की आम्ही म्हणायचो, आज सकाळीच गणित झालं. कोणाला कळलं नाही. ती गेल्यावर मला पहिल्यांदा उमगलं, की अर्धी शाळा तिची होती. ताई, तू एकतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसलीस, तुझा आकडा कधी चुकला नाही. ये. खुब्याची काळजी करू नकोस, भागाकार बसून करतात. कॉलिन विमानतळावर घ्यायला येतील. जुळी तुला काही करणार नाहीत. (पांढरं घालू नकोस.)

ता. क. ३. थेल्मा आजी, मी पिपा. आजोबा दूध तापवायला गेलेत म्हणून लिहिते. मी त्यांना भागाकार शिकवते आहे, पण ते बाकी काय उरली ते लिहायच्याऐवजी खिडकीबाहेर बघत बसतात. त्यांना वाटतं मला वसतिगृहाची भीती वाटते. मला नाही वाटत, तिथे पोहायचा तलाव आहे. पण मी गेले तर त्यांची कविता ऐकायला इथे कोणी उरणार नाही. लॅकलन मधेच उठून जातो. म्हणून लवकर ये.